बोका भिंतीवर फवारे मारतोय, गणपतीच्या आत काही उपाय?

ओटीवरची

मंडळी, जरा तातडीचा धागा आहे.

आमचं घर हर्णे बंदराच्या अलीकडे. जुनं चिऱ्याचं, कौलारू. पुढे पडवी, मग ओटी, माजघर, मागे न्हाणीघर आणि आगर. घरात एक बोका, बाळ्या. वय दीड वर्षाच्या आसपास. बंदरावर मासळीच्या टोपल्यांमागे सापडला तेव्हा ओंजळीत मावायचा. आजवर अगदी शहाण्यासारखा वागला. आगरात माडाच्या आळ्यात खड्डा करायचा, काम उरकून वर माती ओढायचा आणि पाय झटकत घरात.

श्रावण लागल्यापासून याच्या काय अंगात आलंय कळत नाही. पडवीच्या खिडकीखाली, दाराच्या चौकटीला, ओटीवरच्या बाकाच्या पायाला, रोज एक जागा नवी. परवा तर देवघराच्या दाराकडे पाठ करून उभा राहिला, शेपूट झेंड्याच्या काठीसारखं ताठ, टोकाला थरथर, आणि मागच्या मागे पिचकारी. सासूबाई नेमक्या समोरून नैवेद्याचं ताट घेऊन येत होत्या. पुढचं सांगत नाही.

फिनाईलने पुसलं. कोपऱ्याकोपऱ्यांत डांबरगोळ्या ठेवल्या. उपयोग शून्य. पावसामुळे सगळं बंद, त्यात चिऱ्यात मुरलेला वास दमट हवेला असा उठतो की पाहुण्यांना ओटीवर बसा म्हणायची सोय नाही. आता मुंबईहून दीर, जावा, पोरं सगळी येणार. सासूबाईंचं म्हणणं, याला पोत्यात घालून खाडीपलीकडे सोडा. नवरा गप्प आहे, म्हणजे तो त्यांच्या बाजूचा.

हा मुद्दाम करतोय का? आजारी आहे का? नसबंदी केली तर थांबेल का? अनुभवी लोकांनी लिहा.

सुरंगी

ताई, बाकी सगळं नंतर. आधी त्या डांबरगोळ्या उचला आणि फिनाईल बंद करा. आजच. फिनाईलमधला फिनॉल मांजराच्या यकृताला नीट मोडता येत नाही. ते पंजांना लागतं, मग मांजर पंजे चाटतं आणि सगळं पोटात. डांबरगोळीही तितकीच वाईट. ब्लीचिंग पावडरही नको, मूत्रातल्या अमोनियाशी तिची गाठ पडली की घशाला झोंबणारा वायू सुटतो, तो माणसांनाही बाधतो.

स्पष्टबोल्या

इतका विचार कशाला? मांजर हा घराबाहेरचा प्राणी. देवघरापर्यंत जातंय म्हणजे लाडाने डोक्यावर बसवलंय. सासूबाई बरोबर बोलताहेत. बंदरावरून आणलं होतं ना, बंदरावर नेऊन सोडा. तिथे खायला कमी नाही.

मालवणी_खाजा

आमच्या बापाशीन एका बोक्याक असोच पोत्यात घालून होडयेन खाडीपलीकडे सोडल्यान. आठवड्याभरात बोको पुलावरसून परत हजर, आणि येताना वांगडाक एक मांजार घेवन इलो. तेव्हा पोत्याचा नाद सोडा.

गोठेकर

मी पशुवैद्य आहे. आयुष्य गाई-म्हशींत गेलं, पण तालुक्याच्या ठिकाणी असल्यावर मांजरंही येतातच. क्रमाने लिहितो.

ओटीवरची ताई, तुम्ही जे वर्णन केलंय ते इतकं चपखल आहे की निदानाचं निम्मं काम झालं. उभा राहून, शेपूट वर, मागे उभी भिंत किंवा चौकट, आणि थोडंसंच मूत्र: याला फवारणं म्हणतात. हद्दीची खूण. मांजराला लघवी लागते तेव्हा ते बसतं, आडव्या जागेवर करतं आणि भरपूर करतं. ते घरात होऊ लागलं तर कारणं वेगळी शोधावी लागतात: मूत्राशयाची सूज, खडे, मधुमेह, किंवा वाळूचा ट्रे नावडता असणं.

एक धोक्याची गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण पुढे कुणी तरी हा धागा शोधून वाचेल. बोका पुन्हा पुन्हा बसतोय, कुंथतोय, ओरडतोय, मागचा भाग चाटतोय आणि लघवी थेंबभर किंवा अजिबात होत नाही, तर त्याचा मूत्रमार्ग तुंबला आहे. बोक्याचा हा मार्ग फार अरुंद असतो. अशा वेळी 'उद्या बघू' म्हणायचं नाही, दोन-तीन दिवसांत जनावर दगावतं. त्याच दिवशी, जमेल त्या गाडीने, जवळच्या डॉक्टरकडे.

तुमच्या बाळ्याचं तसं दिसत नाही. मुद्दाम करतोय का, तर हो, मुद्दामच. पण तुमच्यासाठी नव्हे. त्याचा निरोप दुसऱ्या मांजराला आहे. तेव्हा आता मला सांगा: घराभोवती कोणी नवा बोका दिसतो का? आणि श्रावणात घरात नेमकं काय बदललं?

स्पष्टबोल्या, रागावू नका, पण उपाशी-तहानेने हाल होतील अशा जागी जनावर विनाकारण टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. आणि तो भाग सोडला तरी उपाय म्हणूनही फोल आहे. बाळ्या गेला की त्याच्या जागेवर महिनाभरात दुसरा बोका येईल. घर तेच, उंदीर तेच, मासळीचा वास तोच.

ओटीवरची

सुरंगी, डांबरगोळ्या उचलल्या, धन्यवाद. हे खरंच माहीत नव्हतं.

गोठेकर काका, बदललं ते एकच. जुलैच्या शेवटी आमच्या वाडीच्या कडेला बिबट्या दिसला. शेजारचा कुत्रा नेला. तेव्हापासून बाळ्याला दिवेलागणीला घरात घेतो ते उजाडल्यावरच बाहेर सोडतो. आधी तो रात्रभर बाहेरच असायचा.

नवा बोका आहे. काळा, डोकं हे एवढं मोठं, एक कान फाटका. पहाटे गडग्यावरून चालत येतो, रातांब्याखाली थांबतो, गडग्याच्या टोकाला फवारा मारतो आणि आगरात उतरतो. बाळ्या तेव्हा पडवीच्या खिडकीत बसून काचेतून बघत असतो. घशातून असा आवाज काढतो की मला जाग येते.

गोठेकर

मग कोडं सुटलं की. मुक्काम पूर्वीसारखा रात्री बाहेर असता तर बाळ्या गडग्यावर जाऊन उत्तर देऊन आला असता. आता बाहेर जाता येत नाही, समोर परका दिसतो, वास आत येतो. म्हणून तो जिथे आहे तिथूनच हद्द आखतोय. खिडकी, दार, चौकट, सगळ्या शिवेवरच्या जागा आहेत बघा. देवघराचं दार मागच्या आगराच्या बाजूला उघडतं का?

ओटीवरची

देवघराला लागूनच मागचं दार. अगदी तिथेच.

खाडीकाठ

हे वाचून आमच्या घरातला एक डाग आठवला. चुना लावलेल्या भिंतीच्या कोपऱ्यावर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, तेलकट तपकिरी पट्टा. दर दिवाळीला रंग द्यायचा, संक्रांतीपर्यंत पट्टा परत तिथेच. आई म्हणायची पोरं हात पुसतात. मग एकदा मनीला बघितलं. येता-जाता त्या कोपऱ्यावर आधी तोंडाची कड, मग गाल, मग कानाच्या पुढचा भाग घासत जाते. नंतर लक्षात आलं, दाराच्या चौकटीला आणि जात्याच्या खुंट्यालाही तसाच पट्टा आहे, सगळे एका उंचीवर. हे पण हद्दीसाठीच का?

गोठेकर

हो, पण त्याची भाषा निराळी. गाल, हनुवटी, ओठांची कड, कपाळाच्या बाजू, शेपटीचं मूळ आणि पंज्यांच्या गाद्यांमधली जागा, इतक्या ठिकाणी मांजराला गंधग्रंथी असतात. गाल घासून लागतो तो 'ही जागा ओळखीची, इथे धास्ती नाही' असा वास. जिथे मांजर गाल घासतं तिथे ते सहसा फवारत नाही. नव्वदच्या दशकात पात्रिक पाझा या फ्रेंच पशुवैद्याने गालावरच्या स्रावाचे वेगवेगळे भाग वेगळे काढले आणि त्यातल्या एका भागाची नक्कल करून 'फेलिवे' नावाचं, भिंतीच्या प्लगमध्ये लावायचं औषध बाजारात आलं. काही घरांत फरक पडतो, काही घरांत नाही. महाग आहे, आणि पडवीसारख्या उघड्या जागेत तर वाऱ्यावरच जायचं. मी आधी इतर गोष्टी करा म्हणेन.

पायात घोटाळणाऱ्या मांजराला आपण प्रेम म्हणतो. त्यात प्रेम नाही असं नाही, पण ते आपल्याला स्वतःच्या वासात घेत असतं. एका घरची मांजरं एकमेकांना घासून एक सामाईक वास तयार करतात. म्हणून एखाद्या मांजराला दवाखान्यातून परत आणलं की घरचं दुसरं मांजर त्याच्यावर फिस्कारतं. चेहरा तोच, वास दवाखान्याचा.

निळी_छत्री

आमच्या बोक्याचं एक ध्यान सांगते. दुसऱ्याने मारलेला फवारा हुंगला की मान वर करून, वरचा ओठ आखडून, तोंड अर्धवट उघडं टाकून शून्यात बघत बसतो. मला वाटायचं घाण वासाने शिसारी आली. एका डॉक्टरने सांगितलं की उलट तो वास चाखतोय. टाळूत पुढच्या दातांमागे दोन बारीक छिद्रं असतात, तिथून वास जेकबसनच्या इंद्रियाकडे, म्हणजे असे वास टिपणाऱ्या खास अवयवाकडे जातो. कोण आला, नर की मादी, माजावर आहे का, किती वेळापूर्वी गेला, सगळं त्यात.

घाटावरचा

पण बोक्याच्याच मूत्राला एवढा उग्र वास का? आमची मांजरी आहे, तिचा इतका नाही.

गोठेकर

बोक्याच्या मूत्रात फेलिनीन नावाचं गंधकयुक्त अमिनो आम्ल असतं. मांस-मासळीतल्या गंधकाच्या अमिनो आम्लांपासून शरीर ते बनवतं. ते तयार होण्यात कॉक्सिन नावाच्या प्रथिनाचा हात असतो, हे जपानी संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं. नसबंदी न केलेल्या बोक्यात हे प्रथिन भरपूर, मांजरीत आणि नसबंदी झालेल्या बोक्यात कमी. ताज्या मूत्रात फेलिनीनला फारसा वास नसतो. हवेत ते मोडत जातं, गंधकाची उडणारी संयुगं सुटतात आणि वास चढत जातो. वासाच्या या चढउतारावरून पुढच्या बोक्याला खुणेचं वय कळत असावं. म्हणूनच फवारा एकदा मारून भागत नाही, रोज ताजा करावा लागतो. काळ्याने पहाटे नवा मारला की बाळ्याला सकाळी उत्तर देणं आलं.

याचा एक फायदाही आहे. एकाच वाटेवरून दोन बोके वेगवेगळ्या वेळी जातात आणि समोरासमोर येणं टळतं. मारामारी दोघांनाही परवडत नाही. फाटक्या कानाचं गळू मी कितीदा फोडलंय. चावलेली जखम वरून टिचभर दिसते आणि आत पू.

रानवेडा

थोडं अवांतर, पण राहवत नाही. मोठ्या मार्जारांचंही हेच. बिबट्या झाडाच्या बुंध्याला पाठ लावून फवारतो, मागच्या पायांनी वाट उकरून ठेवतो. आणि वाघाच्या फवाऱ्यात बासमती तांदळाचा वास देणारा पदार्थ असतो, टू-अ‍ॅसिटाइल-१-पायरोलिन. कोलकात्याचे शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी यांनी आयुष्यभर वाघाच्या वासाचा अभ्यास केला, ही ओळख त्यांच्या कामातून झाली. आपल्या आंबेमोहरातही तोच पदार्थ. भाताचं पातेलं उतरवताना वाघाची आठवण काढायला हरकत नाही.

दुसरं: ताई, वास माळ्यावरूनही येतो का ते बघा. कौलारू घरात उदमांजर शिरतं आणि दोष बोक्यावर येतो. ते मांजराच्या कुळातलं नाहीच. उदमांजर त्याच त्याच जागी विष्ठा टाकतं आणि तिच्यात फळांच्या बिया अख्ख्या दिसतात. बिया दिसल्या तर बाळ्या निर्दोष.

ओटीवरची

माळ्यावर चढून आले. बिया नाहीत, नारळाच्या करवंट्या आणि सासऱ्यांची जुनी छत्री सापडली. बाळ्याच आरोपी.

सुरंगी

गोठेकर, बंदरावर इतकी मांजरं एका ढिगाभोवती गुण्यागोविंदाने बसतात. तिथे हद्द कुठे जाते?

गोठेकर

चांगला प्रश्न. मांजर शिकारीला एकटं जातं, पण खाणं एका जागी मुबलक आणि रोजचं असेल तर गटाने राहतं. गटाचा गाभा म्हणजे माद्या, बहुधा एकमेकींच्या आया-बहिणी-लेकी. पिल्लंही मिळून वाढवतात. जपानात फुकुओकाजवळ आइनोशिमा नावाचं मासेमारीचं बेट आहे, तिथल्या मांजरांचा अभ्यासकांनी बारकाईने माग काढला. मासळीचा कचरा टाकायच्या जागांभोवती त्यांचे गट पडलेले असतात, आपल्या हर्णे किंवा रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला संध्याकाळी लिलावानंतर दिसतं तसंच. वयात आलेले बोके मात्र या गटांच्या मधून फिरतात, त्यांचा टापू मोठा आणि एकमेकांवर चढलेला. तुमचा काळा तशातलाच.

आणि यावरून आठवलं. ताई, मासळी धुतलेलं पाणी आणि खवलं-आतडी तुम्ही कुठे टाकता?

ओटीवरची

माडाच्या बुंध्यात. सगळेच टाकतात की. माडाला चांगलं असतं.

गोठेकर

माडाला चांगलं आणि काळ्याला त्याहून चांगलं. त्याला रोज पहाटेचं ताट मांडून ठेवलंय. पाणी घाला, पण खवलं-आतडी आळ्यात हातभर खोल पुरा आणि वर चिऱ्याचा तुकडा ठेवा. बिबट्या फिरतोय म्हणता, तर कुत्री-मांजरं गोळा करणारी कुठलीच गोष्ट घराशी उघडी नसलेली बरी.

नसबंदीबद्दल विचारलं होतं. करा, आणि लवकर करा. अभ्यासांत असं दिसतं की प्रौढ बोक्याची नसबंदी केली तर दहांतल्या आठ-नऊ जणांचं फवारणं बंद होतं किंवा खूप कमी होतं. बहुतेकांचं लवकर, काहींचं काही महिन्यांत. लहानपणीच केली तरी शंभरांतले दहाएक बोके आणि पाचएक मांजरी पुढे फवारतात, म्हणजे हमी कुणी देणार नाही. शस्त्रक्रिया बोक्याची सोपी असते, पोट उघडावं लागत नाही. तरीही राहिलंच तर फ्लुऑक्सेटिनसारखी, धास्ती कमी करणारी गोळी देतात, पण ती डॉक्टरने वजन बघून लिहून द्यायची. माणसाची गोळी मोडून देणं नाही.

गणपतीच्या आत शंभर टक्के थांबेल असं मात्र धरून चालू नका.

खाडीकाठ

भिंतीचं काय करायचं ते आमच्या अनुभवातून. चिरा सच्छिद्र, आत मुरलेलं वरवर पुसून जात नाही. यूरिक आम्लाचे बारीक स्फटिक पाण्यात सहज विरघळत नाहीत, दमट हवा लागली की वास पुन्हा जागा होतो. एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते मोकळ्या हाताने ओतून बराच वेळ भिजू द्यायचं. शिंपडून लगेच पुसलं तर पैसे फुकट. रात्री दिवे घालवून जांभळ्या प्रकाशाचा टॉर्च फिरवा, नोटा तपासायचा असतो तो. जुने डाग चमकतात. आमच्याकडे जिथे चुन्याचा गिलावा होता तिथे तो खरवडून नवा केला. सारवलेली जमीन असेल तर तेवढा पोपडा उकरून टाका आणि नव्याने सारवा. सारवणाच्या बाबतीत जुनी घरं नशीबवान.

निळी_छत्री

पडवीचा लाकडी खांब ओरबाडत असेल तर त्याला ओरडू नका बरं का. तीही खूणच, दिसणारी आणि वासाची, दोन्ही. आमच्याकडे वाळलेल्या पोफळीचा कमरेएवढा तुकडा उभा पुरला आणि त्याला काथ्याचा सुंभ घट्ट गुंडाळला. आता ओटीच्या खांबाकडे बघत नाही. सुंभात नखांची पापुद्र्यासारखी टरफलं अडकलेली सापडतात, पोरं ती गोळा करतात.

मालवणी_खाजा

चाकरमान्यांचे बॅगो जमिनीर ठेवू नकात. मुंबयचो वास घेवन येतत त्यो. आमच्या बोक्यान काकाच्या नव्या सुटकेशीर असो अभिषेक केल्यान की काका दुसऱ्या वर्षी एसटीच्या टपार बॅग ठेवन इलो आणि ती थयच ठेवूक तयार.

स्पष्टबोल्या

बरं बाबा, सोडू नका. पण देवघराचं काय? सासूबाईंच्या जागी मी असतो तर मलाही चाललं नसतं.

सुरंगी

त्यांचा मुद्दा रास्तच आहे. मखराची खोली रात्री बंद ठेवायची, एवढं केलं तर दोन्ही बाजू राहतात. मागच्या दाराच्या फटीखाली पोतं लावा म्हणजे बाहेरचा वास कमी येईल. खिडकीच्या खालच्या दोन काचांना जुनं वर्तमानपत्र चिकटवा, काळा दिसायला नको. आणि वाळूचा ट्रे घरात हवाच आता, रात्रभर कोंडल्यावर बिचाऱ्याने जायचं कुठे? धुतलेली नदीची वाळू चालते. जेवणाच्या वाटीपासून लांब.

फवारताना पकडलात तरी मारू नका, तोंड घासू नका. घाबरलं की आणखी फवारतं.

ओटीवरची

सगळ्यांचे आभार. काचांना पेपर लावले. आतडी पुरायचं काम नवऱ्याकडे दिलं, तो बोलत नाही पण पुरतो. काळा दोन पहाटे आला, आळ्याभोवती फिरला, चिरा हुंगला आणि गेला. बाळ्याचे फवारे कमी झालेत, थांबले नाहीत. सासूबाईंना मखराच्या खोलीची चावी दिली, ती त्यांनी कनवटीला लावलीय.

नसबंदीला दापोलीत वेळ मिळाली, पण गौरी-विसर्जनानंतरची. आदल्या दिवशी खाणं कधी बंद करायचं? आणि घरी आणल्यावर लगेच बाहेर सोडला तर चालेल का?

गोठेकर

रात्रीच्या जेवणानंतर खाणं बंद, पाणी चालेल. नक्की वेळ शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारून घ्या. भूल पूर्ण उतरेपर्यंत एका खोलीत, उंचावर चढू देऊ नका. जखम कोरडी होईपर्यंत बाहेर नको, पावसाचा चिखल आणि माश्या दोन्ही वाईट. आणि शक्य असेल तर पिंजरा लावून काळ्यालाही घेऊन जा. तो मोकळा राहिला तर शेजारच्या घरातून असाच धागा निघेल.

ओटीवरची

काळ्याला पिंजऱ्यात घालणार कोण?

मालवणी_खाजा

बांगड्याचा डोक्या. आणि थोडो धीर.